ट्रायजेमिनल पाठ करायच्या आधी गालावर हात ठेवा

अॅनाटॉमीत हेड अँड नेक (डोकं आणि मान) सुरू झालं की फर्स्ट इयरच्या मुलांचे मेसेज यायला लागतात, एमबीबीएसवाले असोत नाहीतर बीडीएसवाले, रडगाणं एकच, ताई ट्रायजेमिनलच्या ब्रँचेस डोक्यात राहतच नाहीत. ट्रायजेमिनल म्हणजे मेंदूतून निघणारी पाचवी नर्व्ह, चेहऱ्याची संवेदना आणि चावायचे स्नायू हिच्याकडे. कसं वाचतोयस विचारलं तर सगळे एकाच पद्धतीनं वाचत असतात, पॉन्सपासून (मेंदूच्या देठाचा मधला भाग) सुरुवात, मग गँग्लियन (नर्व्हच्या पेशींची गाठ), मग पहिला फाटा ऑफ्थॅल्मिक, तिच्या सगळ्या ब्रँचेस, मग दुसरा मॅक्सिलरी, आणि तिसऱ्या मँडिब्युलरपर्यंत पोचेस्तोवर रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि डोक्याचा भुगा. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) हातात खालचा जबडा देतो आणि नेमकं तेच विचारतो जे तुम्ही दोन वाजता झोपेत वाचलं.

म्हणून माझं म्हणणं आहे की हे उलट्या बाजूनं करा. आधी चावायचे चार स्नायू (मॅसेटर, टेम्पोरॅलिस, मीडियल आणि लॅटरल टेरिगॉइड), ते स्वतःच्या तोंडावर हातानं शोधायचे, मग त्यांना नर्व्ह कुठून येते ते बघायचं, आणि बाकीची ट्रायजेमिनल सगळ्यात शेवटी. मी दातांची डॉक्टर आहे, रोज याच एरियात काम करते, आणि चार स्नायू पक्के असतील तर मँडिब्युलर नर्व्ह जवळजवळ आपोआप येते हे मी छातीठोक सांगू शकते.

सामान फार लागत नाही. आरसा, सीनियरकडून आलेला बोन सेट (कवटी आणि जबडा दोन्ही हवेत, नुसता जबडा घेऊन बसू नका), पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातून आणलेले कोरे ड्रॉइंग पेपर, तीन रंगांचे स्केचपेन, थोडा कापूस, उदबत्तीची काडी आणि पाव किलो बाकरवडी. बाकरवडी चेष्टा नाहीये, पुढे लागणार आहे.

आधी मॅसेटर, कारण तो सगळ्यात सोपा. दोन्ही हातांची बोटं गालांवर ठेवा, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर, आणि दात घट्ट आवळा. टणक गोळा वर येतो तो मॅसेटर. वर गालाचं हाड हाताला लागतं ना, झायगोमॅटिक आर्च, तिथून निघून तो रॅमसच्या (जबड्याच्या उभ्या भागाच्या) बाहेरच्या बाजूला आणि अँगलला (कोपऱ्याला) जाऊन चिकटतो. काम एकच, जबडा वर उचलायचा, पण जोर जबरदस्त. आता दात आवळलेलेच ठेवा आणि गालाच्या हाडाखाली एक बोटभर अंतरावर बोट वरखाली फिरवा, एक बारीक दोरीसारखं काहीतरी बोटाखाली सरकतं, तो पॅरोटिड डक्ट (कानापुढच्या लाळग्रंथीची नळी), मॅसेटरवरून पुढे येतो, पुढच्या कडेला आत वळतो, बक्सिनेटरमधून (गालाच्या स्नायूतून) आरपार जातो आणि वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर तोंडात उघडतो. अजून एक, मॅसेटरची पुढची कड जिथे जबड्याच्या खालच्या काठाला मिळते तिथे बोट ठेवलं तर फेशियल आर्टरीची नाडी लागते. एका स्नायूवर हात ठेवून तीन व्हायवाचे प्रश्न झाले, अजून पुस्तक उघडलेलं नाही.

मग कानशील. बोटं तिथे ठेवून परत दात आवळा, टेम्पोरॅलिस जाणवेल. हा पंख्यासारखा पसरलेला आहे, पूर्ण टेम्पोरल फोसा (कानशिलाचा खोलगट भाग) व्यापतो आणि झायगोमॅटिक आर्चच्या आतून खाली जाऊन कोरोनॉइड प्रोसेसला (जबड्याच्या वरच्या पुढच्या टोकाला) लागतो. पुढचे फायबर उभे, ते जबडा वर उचलतात. मागचे जवळजवळ आडवे, कानाच्या वरून मागे जाणारे, ते जबडा मागे ओढतात. हे वाचून विश्वास ठेवू नका, खालचा जबडा पुढे काढा आणि कानाच्या वर बोटं ठेवून हळूच मागे घ्या, मागचा भाग आवळलेला कळतो. चार स्नायूंमध्ये जबडा मागे घेण्याचं मुख्य काम याचंच, एक्स्टर्नलला हा प्रश्न फार प्रिय.

मीडियल टेरिगॉइड बाहेरून नीट हाताला लागत नाही, त्यामुळे इथे कवटी घ्या. कवटी उलटी करा, वरच्या दाढा संपतात त्याच्या मागे दोन पातळ पट्ट्या खाली लोंबतात, आतली मीडियल टेरिगॉइड प्लेट आणि बाहेरची लॅटरल टेरिगॉइड प्लेट. आता ऐका, दरवर्षी निम्मा वर्ग इथे पडतो. मीडियल टेरिगॉइड स्नायू मीडियल प्लेटपासून निघत नाही. तो निघतो लॅटरल प्लेटच्या आतल्या बाजूकडून, आणि लॅटरल टेरिगॉइड त्याच लॅटरल प्लेटच्या बाहेरच्या बाजूकडून. एकाच पट्टीच्या दोन बाजू. चावायच्या चारांपैकी एकही मीडियल प्लेटवरून येत नाही. मीडियल टेरिगॉइडचं एक छोटं डोकं अजून आहे, ते मॅक्सिलाच्या (वरच्या जबड्याच्या) ट्यूबरॉसिटीवरून (मागच्या उंचवट्यावरून) आणि पॅलेटाइन (टाळूच्या) हाडाच्या तुकड्यावरून येतं, आणि सगळं मिळून जबड्याच्या अँगलला आतून चिकटतं. म्हणजे बाहेरून मॅसेटर, आतून मीडियल टेरिगॉइड, आणि मधे जबड्याचा कोपरा अडकवून दोघं मिळून वर उचलतात. जबडा हातात घेऊन कोपऱ्याच्या आत-बाहेर बोट फिरवा, दोन्हीकडे हाड खडबडीत लागतं, ते यांच्याच चिकटण्याच्या जागा.

आता लॅटरल टेरिगॉइड, आणि इथे वेळ घालवा, घाई केलीत तर अख्खा इन्फ्राटेम्पोरल फोसा (गालाच्या हाडाच्या आतली पोकळी) हातातून जाईल.

कानाच्या पुढे, छोटा उंचवटा असतो ना त्याच्या अगदी लगत, दोन्हीकडे बोट ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. सुरुवातीला काँडाइल (सांध्यातलं जबड्याचं गोल टोक) जागच्या जागी फिरतं, मग एकदम पुढे सरकतं आणि बोटाखाली खड्डा पडतो. हे पुढे सरकवणं लॅटरल टेरिगॉइडचं. त्याची दोन डोकी, वरचं स्फिनॉइडच्या (कवटीच्या तळाच्या हाडाच्या) ग्रेटर विंगच्या खालच्या बाजूवरून, खालचं लॅटरल प्लेटच्या बाहेरच्या बाजूवरून, आणि दोन्ही मागे जाऊन काँडाइलच्या मानेला, शिवाय जॉइंटच्या कॅप्सूलला आणि डिस्कला लागतात. बाकी तिघे जबडा मिटतात, हा एकटा उघडायला मदत करतो. एकटा म्हणजे या चारांमध्ये एकटा, कारण उघडताना डायगॅस्ट्रिक, मायलोहायॉइड, जेनिओहायॉइड हे हनुवटीखालचे स्नायूही ओढतात आणि गुरुत्वाकर्षण आहेच, लेक्चरला पेंगणाऱ्याचं तोंड आपोआप उघडतं ते बघा.

आता बाकरवडी काढा. एक तुकडा उजव्या दाढांमध्ये धरा आणि चावताना दोन्ही काँडाइलवर बोटं ठेवा. जबडा उजवीकडे झुकतो तेव्हा पुढे सरकतं ते डावं काँडाइल. म्हणजे उजवीकडे जायला डावा लॅटरल टेरिगॉइड काम करतो, सोबत डावा मीडियलही. आलटून पालटून हे चाललं की दळणं होतं, भाकरी असो की चिक्की. हे एकदा बोटाखाली जाणवलं की तो कुप्रसिद्ध प्रश्न, की एका बाजूची नर्व्ह गेली तर तोंड उघडताना जबडा कुठे वळेल, पाठ करायची गरजच नाही. डावी गेली तर डावा ढकलणार नाही, उजवा एकटा ढकलणार, आणि उजव्याचं ढकलणं डावीकडे जातं. म्हणजे जबडा वळतो मेलेल्या बाजूकडे.

आणि तोच तुकडा चावताना गाल आतून दाताला टेकतो आणि खाणं परत दाढेवर ढकलतो, तो बक्सिनेटर. दिसायला चावण्याचा वाटतो पण मोटर सप्लाय (स्नायू हलवणारी नर्व्ह) फेशियल नर्व्हचा, सातव्या नंबरचा. बेल्स पाल्सीवाला (फेशियल नर्व्ह बंद पडून अर्धा चेहरा लुळा पडलेला) पेशंट तक्रार करतो की घास गालात साठून राहतो, चावायची ताकद मात्र पूर्ण असते, का ते आता कळलं असेल. गंमत म्हणजे त्याच गालाची संवेदना बक्कल नर्व्ह नेते आणि ती ट्रायजेमिनलची. नाव सारखं असल्यामुळे मुलं बक्सिनेटर बक्कल नर्व्हच्या खात्यात टाकतात आणि मार्क घालवतात.

लॅटरल टेरिगॉइडकडे परत येऊ. पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात उभं राहिलं की लक्ष्मी रोड, टिळक रोड, शास्त्री रोड, लकडी पूल सगळं तिथूनच सांगता येतं, तसा हा स्नायू आहे, याच्यापासून कोण वरून, कोण मधून, कोण खालून जातं एवढं सांगितलं की फोसा झाला. वरच्या डोक्याच्या वरून बाहेर येतात मॅसेटरिक आणि डीप टेम्पोरल नर्व्ह. दोन डोक्यांच्या मधून बक्कल. खालच्या डोक्याच्या खालच्या कडेखालून लिंग्वल आणि इन्फिरियर अल्व्हिओलर, लिंग्वल पुढे, अल्व्हिओलर मागे. मॅक्सिलरी आर्टरी खालच्या डोक्याच्या बाहेरून किंवा कधी आतून ओलांडते आणि शेवटी दोन डोक्यांच्या मधून टेरिगोपॅलेटाइन फोसात (वरच्या जबड्यामागच्या छोट्या पोकळीत) शिरते, तिचे तीन भागही या स्नायूवरूनच पाडलेत. एका कागदावर फक्त हा स्नायू काढा, मोठा, अख्ख्या कागदभर, आणि त्याच्या भोवती बाकीचं. रोज एकदा, न बघता. आठवडाभर करा, मग बोला.

आता मँडिब्युलर नर्व्ह काढायला किती वेळ लागतो बघा. कवटीत फोरॅमेन ओव्हेल शोधा, अंडाकृती भोक, त्याच्या मागे जरा बाहेर छोटं गोल फोरॅमेन स्पायनोसम, त्यातून मिडल मेनिंजियल आर्टरी आत जाते. ओव्हेलमधून उदबत्तीची काडी वरून खाली घाला, ती थेट आपल्या स्नायूंच्या जंगलात उतरते. खाली उतरल्यावर खोड अगदी छोटं, त्याच्यातून दोनच ब्रँचेस, एक मेनिंजियल, जी स्पायनोसममधून परत वर जाते, आणि एक मीडियल टेरिगॉइडची, जी जाता जाता टेन्सर टिम्पनाय (कानाच्या पडद्याचा स्नायू) आणि टेन्सर व्हेली पॅलेटिनायलाही (टाळूच्या स्नायूला) देते. खोडाच्या आतल्या अंगाला ओटिक गँग्लियन. मग दोन फाटे. पुढचा फाटा सगळा मोटर, म्हणजे मॅसेटर, टेम्पोरॅलिस, लॅटरल टेरिगॉइड, अपवाद एकच, बक्कल, ती सेन्सरी, म्हणजे संवेदना नेणारी. मागचा फाटा सगळा सेन्सरी, म्हणजे ऑरिक्युलोटेम्पोरल, लिंग्वल, इन्फिरियर अल्व्हिओलर, अपवाद एकच, मायलोहायॉइडची नर्व्ह, ती मोटर, मायलोहायॉइडला आणि डायगॅस्ट्रिकच्या पुढच्या पोटाला. दोन फाटे, दोन अपवाद. मोटरवाले स्नायू मोजा, चार चावायचे, दोन टेन्सर, मायलोहायॉइड आणि अँटेरियर डायगॅस्ट्रिक, एकूण ८. सगळे पहिल्या फॅरिंजियल आर्चचे (गर्भातल्या घशाजवळच्या पहिल्या कमानीचे), म्हणून सगळ्यांची नर्व्ह एकच.

मागच्या फाट्यातल्या तिघी पेशंटच्या तोंडून शिका. ऑरिक्युलोटेम्पोरल मिडल मेनिंजियल आर्टरीला दोन मुळांनी विळखा घालून मागे जाते आणि जबड्याचा सांधा, कानाचा पुढचा भाग आणि कानशिलाची कातडी बघते, म्हणून सांधा दुखत असला तरी पेशंट कानच दुखतो म्हणतो आणि आधी ईएनटीकडे जाऊन येतो. इन्फिरियर अल्व्हिओलर जबड्याच्या आतल्या भोकातून शिरते, खालचे सगळे दात करते आणि मेंटल फोरॅमेनमधून, साधारण दुसऱ्या प्रीमोलरच्या खाली, ओठाला आणि हनुवटीला बाहेर येते. खालची दाढ काढायला इंजेक्शन देतो ते हिलाच, म्हणून निम्मा ओठ अगदी मधल्या रेषेपर्यंत बधिर होतो. शेजारून लिंग्वल जाते म्हणून जीभही बधिर होते, पण दाढेच्या गालाकडच्या हिरडीला बक्कलचं वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं. आणि सुई चुकून मीडियल टेरिगॉइडमध्ये गेली तर दुसऱ्या दिवशी पेशंटचं तोंड उघडत नाही. बघा, परत तोच स्नायू.

लिंग्वलसाठी मिसळ खा. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव कॉर्डा टिम्पनाय नेते, ती फेशियलची, लिंग्वलच्या पाठीवर बसून जाते इतकंच. पण सॅम्पल (मिसळीचा तिखट रस्सा) जास्त घेतल्यावर जी आग होते ती चव नव्हे, मिरचीतलं कॅप्सायसिन वेदनेच्या टोकांना चेतवतं आणि ती आग लिंग्वलमधून ट्रायजेमिनलला जाते. वर मस्तानी प्यायल्यावरचा गारवाही तिचाच. मागचा एक तृतीयांश भाग नवव्या नर्व्हचा, चव आणि स्पर्श दोन्ही.

एवढं झालं की अर्धी लढाई संपली, आता मागे जा. ट्रायजेमिनल पॉन्सच्या बाजूतून दोन मुळांनी निघते, जाड सेन्सरी, बारीक मोटर. पेट्रस टेम्पोरलच्या (कान आत धरणाऱ्या हाडाच्या) टोकाजवळ मेकेल्स केव्ह नावाच्या छोट्या कप्प्यात गँग्लियन. मोटर मूळ गँग्लियनच्या खालून जातं, त्यात थांबत नाही, आणि फक्त तिसऱ्या फाट्याबरोबर ओव्हेलमधून बाहेर पडतं. म्हणून पहिल्या दोन फाट्यांना मोटर नाहीच. भोकं तीन, व्ही-वन (ऑफ्थॅल्मिक) सुपीरियर ऑर्बिटल फिशर, व्ही-टू (मॅक्सिलरी) फोरॅमेन रोटंडम, व्ही-थ्री (मँडिब्युलर) ओव्हेल. काडी तिन्हीतून घालून बघा, हात लावल्याशिवाय रोटंडम सापडत नाही, ते खाली नाही तर पुढे उघडतं, टेरिगोपॅलेटाइन फोसात.

चेहऱ्याचा नकाशा रूममेटच्या तोंडावर काढा, तीन रंगांनी. व्ही-वन कपाळ, वरची पापणी, नाकाचा शेंडा आणि मागे डोक्याच्या मध्यापर्यंत. व्ही-टू खालची पापणी, गाल, वरचा ओठ, वरचे दात. व्ही-थ्री खालचा ओठ, हनुवटी, कानाच्या पुढून कानशील. जबड्याचा कोपरा मात्र रंगवू नका, तो ग्रेट ऑरिक्युलरचा, मानेतून सी-टू सी-थ्रीमधून येते, ट्रायजेमिनलचा काही संबंध नाही. एखादा पेशंट अर्धा चेहरा बधिर म्हणतो आणि कोपराही त्यात दाखवतो तेव्हा डॉक्टरच्या भुवया वर जातात त्या याच्यामुळे. नाकाचा शेंडा लक्षात ठेवा, नागिणीचे फोड तिथे आले तर व्ही-वनची, डोळ्यालाही जाणारी नेझोसिलियरी ब्रँच गुंतलीये, म्हणजे डोळ्याला धोका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. व्ही-टूच्या ब्रँचेस सायनसच्या भिंतीतून वरच्या दातांना जातात म्हणून सर्दी सायनसमध्ये उतरली की वरच्या दाढा ठणकतात, आणि लोक चांगली दाढ काढायला येतात.

टेस्टिंग एकमेकांवर करून बघा. कापसानं तिन्ही भाग, दोन्ही बाजू तुलना करत, डोळे मिटून. दात आवळायला लावून मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस, हनुवटीखाली हात धरून तोंड उघडायला लावून टेरिगॉइड. जॉ जर्कसाठी (जबड्याच्या रिफ्लेक्ससाठी) तोंड अर्धवट उघडं, हनुवटीवर बोट, बोटावर हातोडी हळू. नॉर्मल माणसात अगदी थोडा येतो किंवा येतच नाही. मेंदूकडे जाणारी नर्व्ह व्ही-थ्री, परत येणारीही व्ही-थ्री, आणि जाणाऱ्याच्या सेल बॉडी गँग्लियनमध्ये नसून मेंदूतच मेसेनसेफॅलिक न्यूक्लियसमध्ये, हा अपवाद विचारतातच. कॉर्नियल रिफ्लेक्स (बुबुळाला स्पर्श झाला की पापणी मिटणं) मित्रावर करू नका, डोळ्याची गोष्ट आहे, वॉर्डात शिकवतील तेव्हा शिका, फक्त लक्षात ठेवा की जाते व्ही-वन, येते सातवी.

आणि एक टेस्ट घरी सगळ्यांवर करा, स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर उघडतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी दोन बोटंही न जाणारे तरुण पेशंट खुर्चीत बसतात, सुपारीनं गालाच्या आतली त्वचा आखडून दोऱ्यासारखे बँड झालेले असतात. तिथे स्नायू आणि नर्व्ह दोन्ही ठणठणीत असतात, अडतं ते अस्तर, म्हणून तोंड उघडत नाही म्हटलं की आधी गालात बोट घालून बँड चाचपा, मग टेरिगॉइडचा विचार.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (याच नर्व्हचं दुखणं) शॉर्ट नोटला येतो, तर एवढं लिहा. वीज चमकल्यासारखी कळ, काही सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत, बहुतेक एकाच बाजूला, व्ही-टू आणि व्ही-थ्रीमध्ये जास्त, ब्रश करताना, दाढी करताना, गाडीवर वारा लागला तरी येते. बऱ्याचदा सुपीरियर सेरेबेलर आर्टरी नर्व्हच्या मुळाशी दाबते हे कारण. पहिलं औषध कार्बामाझेपिन, नाही भागलं तर ऑपरेशन करून रक्तवाहिनी बाजूला करतात. कुणाच्या आजीला असं होत असेल आणि एक्स-रेमध्ये दातात काही दिसत नसेल तर दात काढायची घाई करू देऊ नका, आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

पेपरला डायग्राम काढताना क्रम असा ठेवा. आधी लॅटरल टेरिगॉइडची दोन डोकी पेन्सिलीनं, मग वर ओव्हेल, मग छोटं खोड, मग पुढचा फाटा, मग मागचा, आर्टरी सगळ्यात शेवटी लाल रंगात, आणि कॉर्डा टिम्पनाय लिंग्वलला मागून येऊन मिळते ती विसरू नका, तिच्यासाठी वेगळा मार्क असतो.